चार आवाजांचं गाणं

२०२२च्या ‘बीटिंग रिट्रीट’मधून ‘अबाइड विथ मी’ वगळलं, ते पुण्याच्या कॅम्पातल्या आम्हा जुन्या कॉयरवाल्यांना फार लागलं. त्या जागी आलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ मलाही प्रिय आहे. पण गांधीजींच्या आवडीच्या त्या गीताला, मंक यांच्या १८६१च्या चालीला, तिथून काढायचं कारण काय होतं?

व्हिक्टोरियन चर्चसंगीत भाबडं, अतिगोड, असं म्हणत जाणकार वर्षानुवर्षं नाकं मुरडत आलेत. त्यांनी ते ऐकलं, गायलं नाही. हे संगीत साध्या गळ्यांसाठीच होतं. नोव्हेलोनं स्वस्त प्रती छापल्या, कर्वेन यांनी सोल्फा ही सोपी स्वरलिपी पसरवली आणि गिरणीकामगारही मेंडेलसनचा ‘एलायजा’ गाऊ लागले. स्टेनर लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे ऑर्गनवादक. पण १८८७चं ‘द क्रुसिफिक्शन’ त्यांनी गल्लीतल्या चर्चच्या कॉयरलाही पेलेल असंच रचलं, मधूनमधून सगळ्या मंडळीनं गायची गीतं घालून.

सत्तरच्या दशकात उत्तम शुक्रवारी आम्ही स्टेनरच गायचो. बासमध्ये रेल्वेतले कारकून, आल्टोत ससूनच्या नर्सबाई. आल्टोची ओळ एकटी गायली तर दोन-तीन स्वरांतच घुटमळते, कंटाळा येतो. पण बाकीचे तीन आवाज येऊन मिळाले की तिच्यावाचून सगळं पोकळ वाटतं. ‘क्रुसिफिक्शन’मधला एक भाग ऑर्गनशिवाय गायचा असतो. तो संपला की मास्तर हळूच पट्टी दाबून बघायचे. आम्ही अर्धा स्वर खाली आलेलो असायचो. ‘पुन्हा,’ एवढंच म्हणायचे. घरी जायला रात्र व्हायची, पण कुणी कुरकुरत नसे. पुढच्या रविवारी त्याच तोंडांनी रेव्हरंड टिळकांची मराठी गीतं गायची. एकानं दुसऱ्याला हुसकावलं नाही.

ऐंशी-नव्वदची वर्षं लग्नांत नि बदल्यांत गेली. एकेक आवाज गळत गेला.

आता पडद्यावर शब्द येतात, स्पीकरवर ट्रॅक वाजतो आणि मंडळी बघत उभी राहते. स्वरलिपीच्या जुन्या प्रती, कडेला पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा केलेल्या, गठ्ठे बांधून रद्दीत घातल्या. मला कळलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या. सरावाला कुणी येत नाही, असं कमिटी सांगते. गेल्या कित्येक वर्षांत सराव ठेवला होता कधी?