मनाचे औषध की मनाचा आजार?

मालेगावात राहणाऱ्याला मागांच्या खडखडाटाचे काही वाटेनासे होते. उलट शुक्रवारी माग बंद असले की चुकल्याचुकल्यासारखे वाटते. बारा बारा तासांची पाळी, नाकातोंडात कापसाचे तंतू आणि सुताचे भाव चढले की मालकापासून कामगारापर्यंत साऱ्यांच्या जिवाला घोर. शिक्षक असल्यामुळे माझे अनेक घरांत जाणे-येणे असते. दारू का पिता, असे मी ज्यांना विचारले, त्यांतल्या एकानेही ‘चव आवडते म्हणून’ असे सांगितले नाही. कुणाला झोप येत नाही, कुणाला कर्जाची काळजी, कुणाला भावाने केलेला अपमान गिळवत नाही. म्हणजे पिणाऱ्याच्या लेखी दारू हे मनाचे औषधच! १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या सुधाकराने तरी पहिला प्याला का घेतला? अपमानाने पोळलेले मन निवावे म्हणूनच. पण हे औषध खरोखर लागू पडते का?

पहिल्या तासाला पडते, हे कबूल केले पाहिजे. आपल्या मेंदूत ब्रेक लावणारी आणि वेग वाढवणारी, अशी दोन्ही प्रकारची रसायने सतत काम करत असतात. दारू ब्रेक दाबते. जीव हलका होतो, जीभ सैल सुटते. पण मेंदू मोठा हिशेबी. रोज कोणी ब्रेक दाबू लागले, की तोल सांभाळण्यासाठी तो वेग वाढवून ठेवतो. पहाटे दारू उतरते, ब्रेक सुटतो, वेग मात्र तसाच राहतो. मग हात थरथरतात, छाती धडधडते, कारण नसताना भीती वाटते. दारूने लवकर लागलेली झोप मध्येच मोडते ती मोडतेच. माणसाला वाटते, हे काळजीमुळे. ती घालवायला तो पुन्हा पितो. कालचे औषध हाच आजचा आजार आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

माझा एक शाळासोबती आहे. मागांच्या दुरुस्तीत त्याचा हात धरणारा नाही. आई गेल्यावर त्याने ‘झोपेपुरती’ सुरुवात केली. पाच-सहा वर्षांत तो उदास, एकलकोंडा झाला, बायकोवर संशय घेऊ लागला. एकदा मुलीने शपथ घातली म्हणून त्याने दारू एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री वहिनींचा फोन आला, ‘‘भाऊजी, लवकर या. हे भिंतीवरचे किडे वेचताहेत, अन् भिंतीवर तर काहीच नाही!’’ शेजारी म्हणाले, बाहेरचे झाले. कोणी अंगारा आणला. डॉक्टरांनी मात्र आधी विचारले, ‘‘शेवटची कधी घेतली होती?’’ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत असे भास होतात, झटके येतात. प्रसंगी जीवही जातो. म्हणून सांगतो, अशा माणसाने दारू जरूर सोडावी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

रुग्णालयात गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने मिळाली. महिनाभरात भास गेले आणि उदासीही बरीच ओसरली. पुष्कळदा असेच होते, कारण ती उदासी दारूनेच आणलेली असते. तीन-चार आठवड्यांनंतरही ती हटली नाही, तर मात्र तिच्यावर वेगळे उपचार हवेत. आई जाऊन इतकी वर्षे झाली होती. तिच्यासाठी तो मोकळेपणी रडला तो त्या महिन्यात. दारूने दुःख संपवले नव्हते, नुसते तुंबवून ठेवले होते.

आमच्या गावाला आणखी एक धोका जडला आहे. डॉक्टरांनी चिंतेसाठी लिहून द्यायची अल्प्राझोलामची गोळी इथे ‘कुत्ता गोळी’ या नावाने चोरून विकली जाते. तीही तोच ब्रेक दाबते. दारू आणि ही गोळी एकत्र घेतली, तर श्वासच थांबू शकतो.

व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हे महाराष्ट्राला समजावले ते पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये हे केंद्र सुरू केले; पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. काम चालू आहे. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. याचे मोल मला वहिनींकडे पाहून कळले. नवऱ्याची दारू सुटल्यावरही कित्येक महिने दाराची कडी वाजली की त्या दचकत. पिणारा एक असतो, मन आजारी पडते ते साऱ्या घराचे.

‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटींहून अधिक लोक देशात आहेत. पूर्णपणे दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे कसलाही उपचार मिळतो तो एकाला. उरलेले सदतीस आपल्याच घरांत असतात, लोक काय म्हणतील या भीतीने झाकून ठेवलेले. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असे नाही. बायकोने, भावाने, मित्रानेही करावा. ‘‘का पितोस?’’ असे खडसावण्याऐवजी ‘‘झोप लागते का रे?’’ एवढे विचारले, तरी पुष्कळदा माणूस बोलू लागतो.