मोटारदुरुस्तीचे शिक्षण आणि प्रमाणपत्र

निपाणी-बेळगाव हमरस्त्यावर मोटारदुरुस्तीची गॅरेजे जागोजागी दिसतात. मालमोटारी, उसाचे ट्रॅक्टर व प्रवासी गाड्या यांवर कित्येक घरांचा चरितार्थ चालतो. तेथे मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाना धरावयास शिकतो आणि काही वर्षांत एकटा इंजिन उतरवितो. या हुन्नराला आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. परंतु नोकरीच्या अर्जासोबत उस्तादाचा शब्द जोडता येत नाही. म्हणून पालकांसाठी ही थोडी माहिती.

भारत सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू केली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा अभ्यासक्रम २ वर्षांचा आहे. त्यासाठी विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. ‘मेकॅनिक डिझेल’ १ वर्षाचा आहे. वयाची १४ वर्षे पुरी हवीत. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. आम्हां सीमाभागातील लोकांना याचे मोल अधिक. कारण बेळगावात मिळविलेले हे प्रमाणपत्र कोल्हापुरात व पुण्यातही चालते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली परिवहन महामंडळात अथवा कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते.

हात बसल्यावर वर्गात कशाला जावयाचे, असे कोणी विचारील. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ हे धुराचे निर्बंध लागू झाले. आता इंधनाचे माप सेन्सर व संगणक ठरवितात. बिघाड नुसत्या कानाने कळत नाही. स्कॅनर लावून संकेतांक वाचावा लागतो. पण संकेतांक म्हणजे ताप. दुखणे कोठे आहे, हे वायर व सेन्सर मीटरने तपासल्यावरच समजते. तेवढे न करता भाग बदलणारा कारागीर गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवितो.

जे तरुण आधीच गॅरेजात आहेत, त्यांच्या पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सरकारी योजना आहे. मात्र ते आयटीआयच्या बरोबरीचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी एवढेच सुचवितो की, खाजगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमास केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता आहे की नाही, हे पालकांनी स्वतः पाहावे. आणि मुलाने सुटीत उस्तादाकडे जाणे सोडू नये.