उच्च रक्तदाब : बीजदोष आणि लवण

आफ्रिकी वंशाच्या लोकांत उच्च रक्तदाब अधिक, तो त्यांच्या रक्तातच असतो, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक पाहणीत त्याचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत सुमारे १६, कॅरिबियन बेटांत २६ व अमेरिकेत ३३ टक्के आढळले. मूळ वंश एक, आहारविहार मात्र भिन्न.

तरीही बीजदोष नाहीच असे नव्हे. या वंशातील अनेकांत रेनिन कमी असते व मूत्रपिंड मीठ धरून ठेवते. २०१० साली उजेडात आलेली ‘एपीओएल-१’ जनुकाची रूपे मूत्रपिंडविकाराचा धोका वाढवितात. पण ती मुख्यतः पश्चिम आफ्रिकी वंशात आढळतात. आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळ बहुतांशी पूर्व आफ्रिकेकडचे. त्यांना हा निष्कर्ष सरसकट लावता येणार नाही.

अंधेरी-मुलुंडच्या वैद्यांना याचे काय प्रयोजन? मीठ धरून ठेवणारे मूत्रपिंड कोणत्याही कुळात जन्मते. एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारे मूत्रपिंडातील एन्झाइम निकामी असते; आपले ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास नेमके हेच एन्झाइम रोखले जाते. रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. लवणभास्करात तर लवणेच प्रधान! पिप्पली, क्षार व लवण यांचे अतिसेवन चरकांनी विमानस्थानात निषिद्ध मानले आहे.

म्हणून मातापित्यांच्या रक्तदाबाची चौकशी केल्यावाचून यष्टिमधु महिनोन्‌महिने योजू नये, असे आमचे मत आहे. औषधविक्रेत्यांनीही खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचे चूर्ण पुनःपुन्हा नेणाऱ्या ग्राहकास, रक्तदाबाची गोळी चालू आहे काय, एवढे विचारावे.