पोरांची गाणी आणि थोरांची वकिली

गातात मुले आणि भांडतात मोठी माणसे, असा एक चमत्कारिक प्रकार २००८ च्या उत्तरार्धात मराठी घरोघरी सुरू झाला आणि २००९ च्या फेब्रुवारीपर्यंत तो अव्याहत चालला. झी मराठी वाहिनीवर 'सारेगमप'चे 'लिटल चॅम्प्स' हे पर्व रंगात आले होते. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षकांच्या खुर्चीत, पल्लवी जोशी सूत्रधार, आणि पुढे 'पंचरत्ने' म्हणून गाजलेली पाच मुले: लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर, आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि आमच्याच रायगड जिल्ह्यातली, अलिबागची मुग्धा वैशंपायन. मुग्धा तर जेमतेम आठ वर्षांची. त्या दिवसांत जेवणाची ताटे दूरदर्शनसंचासमोर आली, आणि ज्या आजोबांनी उभ्या जन्मात मोबाइलवर एक अक्षर उमटवले नव्हते ते नातवाच्या मागे लागून एसेमेस पाठवायला शिकले.

यात नवल काही नाही. मुले गोड होती, गळे तयार होते. नवल आहे ते पुढच्या गोष्टीचे. प्रौढ माणसाला पोराचे गाणे आवडले, की तो नुसते "मला आवडते" म्हणून स्वस्थ बसत नाही. त्याला लगेच वकीलपत्र घ्यावेसे वाटते. "अहो, हे काही साधेसुधे नाही हं! पाया शास्त्रीय आहे." कोणी विचारले होते? कोणीही नाही. पण पन्नाशीच्या गृहस्थाने चौदा वर्षांच्या मुलाच्या गाण्यावर डोलावे, यात आपले काहीतरी चुकते आहे अशी चोरटी शंका त्याच्याच मनात असते, आणि तिचे निरसन करण्यासाठी तो तानांचा, मुरक्यांचा, घराण्याचा पुरावा गोळा करीत बसतो. आपल्या आवडीला तो प्रतिष्ठेचे उपरणे पांघरतो, एवढाच त्याचा अर्थ.

हा रोग एकट्या मराठी माणसाचा नव्हे. १९६३ साली इंग्लंडात बीटल्स या चार तरुणांनी शाळकरी मुलींना अक्षरशः वेड लावले होते. त्यांच्या किंकाळ्यांत गाणे ऐकू येणे मुश्किल. अशा वेळी, त्या वर्षीच्या २७ डिसेंबरला, लंडनच्या 'टाइम्स'सारख्या भारदस्त पत्राचे संगीत-समीक्षक विल्यम मान यांनी लेख लिहून या पोरांच्या स्वररचनेची गंभीरपणे चिकित्सा केली. एका गाण्याच्या शेवटाला त्यांनी 'एओलियन कॅडेन्स' असे शास्त्रोक्त नाव दिले आणि तो शेवट थेट माहलरच्या एका थोर रचनेशी नेऊन भिडवला! गाणे रचणाऱ्या जॉन लेननला मात्र ही संज्ञा म्हणजे कुठल्याशा परदेशी पक्ष्यांचे नाव वाटत असे. त्याने पुढे ते मोकळेपणी सांगूनही टाकले. आमचे शिरढोण कर्नाळ्याच्या पक्षी-अभयारण्याच्या वाटेवरच असल्यामुळे मला हा विनोद अंमळ जास्त आवडतो. तरीही मानसाहेबांना हसून सोडून देता येत नाही. त्यांनी जे ऐकले ते गाण्यात खरोखरच होते. ते रचणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नव्हते, इतकेच. आमच्या धवलारिणींना लग्नात धवळे म्हणताना कुठे रागाचे नाव ठाऊक असते?

उलट बाजूचे उदाहरणही त्याच दशकातले. १९६६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या मालिकेसाठी निवड करून 'मंकीज' नावाचा चौघांचा ताफा उभा केला गेला. पहिल्या तबकड्यांवरची बहुतेक वाद्ये भाड्याच्या वादकांनी वाजवलेली, हे बाहेर पडताच गहजब झाला. तेव्हा त्या चौघांनी हट्ट धरला आणि १९६७ च्या 'हेडक्वार्टर्स' या तबकडीत बरीचशी वाद्ये स्वतः वाजवली. म्हणजे चाहत्यांनी चालवलेला खटला त्या मुलांनी स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून लढवला! आज हेच भांडण कोरियाच्या 'बीटीएस'वरून चालते. पनवेलला आमच्या प्राध्यापक-कक्षात एक बाई आहेत, संसारी, मोठ्या मुलीची आई. मुलीमुळे त्या या सात जणांच्या नादी लागल्या आणि आता मुलीला मागे टाकून पुढे गेल्या आहेत. कोणी थट्टा केली की त्या चहाचा कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "सर, ते गाणी स्वतः लिहितात, ठाऊक आहे का तुम्हाला?" पुन्हा तोच पुरावा! जणू स्वतः न लिहिलेले गाणे गाणारा कमअस्सल. हा निकष लावला तर आपल्याकडचे किती थोर गायक उरतील, हा प्रश्न मी त्यांना अजून विचारलेला नाही. शेजारधर्म असतो.

आपल्याकडे या प्रश्नाची जात वेगळी आहे. आपण 'पोर' या शब्दालाच गंधर्व जोडून मोकळे होणारी माणसे. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले तेव्हा त्यांचे वय सतरा, आणि 'बालगंधर्व' ही पदवी त्यांच्याबरोबर आली ती जन्मभर राहिली. नाटकातले गाणे म्हणजे हलके गाणे, असे नाक मुरडणारे तेव्हाही होतेच. पण भास्करबुवा बखल्यांसारख्या घराणेदार गवयाने १९१६ च्या 'स्वयंवर'ला चाली दिल्या, आणि बालगंधर्वांच्या भक्तांना केवढा भक्कम साक्षीदार मिळाला! अजूनही त्यांचे बचाववकील आधी भास्करबुवांनाच पुकारतात.

दुसरा दाखला कुमार गंधर्वांचा. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला जन्मलेला हा शिवपुत्र लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवीत असे. लोक थक्क होत. नकलेचा आक्षेप घ्यायचाच, तर याच्याइतका योग्य आरोपी मिळायचा नाही. पण पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांच्या हाताखाली तो मुलगा शिकला, आणि त्या साऱ्या उसन्या आवाजांमधून त्याने असे स्वतःचे गाणे काढले की परंपरेचे अभिमानी त्याच्यावर वेगळ्याच कारणासाठी रागावले. 'लिटल चॅम्प्स'वरचा मोठा आक्षेप हाच होता: मुले मूळ गायकाची हरकत अन् हरकत उचलतात, यात त्यांचे काय? आक्षेप खोटा नाही. पण दहाव्या वर्षी दुसरे काय करायचे असते? बाराखडी गिरवणाऱ्या मुलाला आपण शैली विचारीत नाही.

महाअंतिम फेरीत कार्तिकी जिंकली, आणि मग खरी गंमत झाली. माझ्या ओळखीच्या ज्या मंडळींनी चार महिने "पाया शास्त्रीय आहे" म्हणून आर्याची आणि प्रथमेशची बाजू लढवली होती, त्यांचे चेहरे उतरले. कार्तिकीचा आवाज खुला, पहाडी, अभंग-गवळणीत रमणारा. मग "लोकांच्या मतांवर गाणे ठरते का?" असा प्रश्न निघाला. तोपर्यंत मते पाठवण्यात हीच मंडळी आघाडीवर होती. आम्ही पांढरपेशे लोक 'संस्कारित गळा' म्हणतो तेव्हा पुष्कळदा आमच्याच घरात जे गाणे ऐकू येते त्याचे नाव घेत असतो. दिंडीत, कीर्तनात, टाळकऱ्यांच्या गर्दीतून वर चढणारा आवाजही संस्काराशिवाय घडत नाही. तो संस्कार दुसऱ्या शाळेतला. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड हे स्वतः संगीतातले. आर्याची पहिली गुरू तिची आई. दोन्ही घरी गाणे दूध-भाकरीसारखे होते. आणि ज्या रोहितने पाश्चात्त्य ठेक्यावरची गाणी गायली, त्याच्यासाठी आमच्या वर्तुळात तर कोणी वकीलच उभा राहिला नाही. तो पुढे हिंदी 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, ते काही आमच्या शिफारशीवर नव्हे.

माझे मत विचाराल तर मुलांच्या गाण्याला प्रमाणपत्र लागत नाही, कान लागतात. सूर नेमका लागला का, शब्द तोडून श्वास घेतला का, समेवर येताना घाई झाली का, हे आठ वर्षांच्या मुलीलाही विचारता येते आणि ऐंशीच्या बुवांनाही. मुग्धा गाताना शब्द कसा स्वच्छ टाकी, हे ऐकायला शास्त्राचा आधार घ्यावा लागत नसे. वकिलीचा खरा तोटा निराळाच आहे. ज्याची बाजू आपण घेतो त्याने आपल्या कैफियतीबाहेर जाऊ नये असे आपल्याला वाटू लागते. मूल मोठे होते, आवाज बदलतो, आवड बदलते, आणि चाहता तक्रार करतो, "तेव्हा काय गायचा!" ही पाच मुले मोठी झाली, २०२१ साली त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली, मुग्धा-प्रथमेशचे २०२३ च्या डिसेंबरात लग्नही झाले, तरी पुष्कळांच्या लेखी ती अजून 'मॉनिटर' आणि 'मोदक'च आहेत.

आमच्या शिरढोणला, म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांच्या जन्मगावी, गणपतीत रात्र रात्र भजने चालतात. तिथे एक मुलगा होता. बारा वर्षांचा असताना काळी पाचच्या पट्टीत असा काही अभंग म्हणायचा की पखवाजवाल्याचा हात हलका व्हावा. शेजारच्या गावचे बुवा म्हणाले, "पोरगं सिनेमातलं गातंय," तर आमच्या मंडळातले चार आजोबा त्यांच्यावर तुटून पडले. मग मुलगा चौदाचा झाला. मुलग्यांचे स्वरयंत्र या वयात वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. आणि तो उतरत असताना मधेच फाटतो. त्या वर्षी ऐन गजरात त्याचा आवाज फाटला. कोणी हसले नाही, पण त्याच आजोबांनी पुढच्या वर्षी त्याला टाळ दिले आणि माइक दुसऱ्याकडे. रागावून नव्हे, प्रेमानेच. त्यांना तो पूर्वीचा आवाज जपायचा होता, आणि तो तर या मुलाकडे राहिला नव्हता.

दोन वर्षे तो टाळ वाजवीत राहिला. आमचे पेटीवाले काका मात्र हट्टी. त्यांनी वकिली कधी केली नव्हती. ते फक्त त्याला दर गुरुवारी संध्याकाळी पडवीत बोलावीत, ओरडू देत नसत, मधल्या चार-पाच सुरांतच हळू गायला लावीत. पट्टी हळूहळू उतरवीत त्यांनी पांढरी दोनवर आणली. यंदा गौरींच्या रात्री काकांनी कोणाला न विचारता त्या पट्टीचा सूर धरला आणि मुलाकडे पाहिले. त्याने टाळ खाली ठेवले. आवाज जाडसर होता, वरच्या सुराला अजून थोडा घाबरणारा. चार आजोबांपैकी एक माझ्याजवळ बसले होते. ते कुजबुजले, "गुरुजी, हा कोण हो गातोय?"