भोंगा वाजेल, पण उठेल कोण?

दसऱ्याचा सावरगाव घाटचा मेळावा आटोपला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती बहुतेक खर्चूनही झालेली असते. दिवाळी होते न होते तोच शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी साताऱ्याला, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मार्च-एप्रिलात पट्टा पडेपर्यंत गावात उरतात ती म्हातारीकोतारी, थोडी शाळकरी पोरं आणि दारांवरची कुलपं.

अलीकडे या कुलपांच्या जोडीला ‘अलार्म’ आला आहे. दोन-चारशे रुपयांत मिळतो, पोरं मोबाइलवरून मागवतात. डबीवर १२० डेसिबल, १३० डेसिबल असं ठळक छापलेलं असतं. आकडा खोटा असतोच असं नाही, पण तो यंत्राच्या अगदी जवळ मोजलेला असतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १२० असलेला आवाज बत्तीस मीटरवर नव्वदपर्यंत येतो. मध्ये दगडी भिंत आणि बंद दार आलं तर आणखी खाली. गावच्या शांत रात्री तेवढाही पुष्कळ झाला. दिवाळीच्या आठवड्यात मात्र फटाक्यांपुढे त्याचं कोणी ऐकणार नाही, आणि टोळ्या निघतात त्या नेमक्या त्याच सुमाराला.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या माणसाने १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार उघडलं की तारेतला प्रवाह जोडला जाई आणि घंटा वाजे. आपल्याकडे तेव्हा दिंडीदरवाजा, कडी-कोयंडा आणि भिंतीतल्या खाचेत सरकवायचा अडसर होता. बीड शहरात माळीवेस, राजुरी वेस ही नावं अजून तोंडात आहेत. वेस लावली की गाव आत आणि रात्र बाहेर. जागल्या गस्त घाली, त्याच्या हाकेला आळीतून ओ येई. म्हणजे आवाजाची सोय होती, तशी ओ देणाऱ्याचीही होती. आज पहिली गोष्ट डबीत मिळते. दुसरी मिळत नाही, आणि अलार्म घेताना विचार करायचा तो हिचाच.

स्वस्त दार-अलार्ममध्ये दोन तुकडे असतात. चौकटीवर यंत्र, दाराच्या फळीवर लोहचुंबक. यंत्रात काचेच्या बारीक नळीत दोन पात्या असतात; चुंबक जवळ असेपर्यंत त्या एका स्थितीत राहतात, दूर गेला की स्थिती बदलते आणि भोंगा सुरू होतो. दोहोंतली फट सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या आत लागते. आपली जुनी दोन फळ्यांची दारं पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. दिवाळीत बरोबर बसवलेली जोडी होळीपर्यंत हलते. अशा दारावर यंत्र एका फळीवर आणि चुंबक दुसऱ्या फळीवर, तेही वरच्या टोकाला बसवावा. चिकटपट्टीवर विसंबू नये, स्क्रू मारावा. आणखी एक खोड दुकानदार सांगत नाही: बऱ्याच स्वस्त यंत्रांचा आवाज दार पुन्हा लावलं की बंद होतो. चोराने आत शिरून मागे दार ओढून घेतलं, की संपलं! ज्याचा भोंगा बंद करेपर्यंत चालूच राहतो असंच यंत्र मागून घ्यावं.

दाराखाली सरकवायच्या पाचरीचा अलार्मही मिळतो. दार आत ढकललं की पाचर दाबली जाते, ओरडते आणि दार अडवतेही. आत माणूस झोपलेलं असेल तर चीज चांगली. शहाबादी फरशीवर बसते, शेणाने सारवलेल्या खालीवर जमिनीवर मात्र तिचा भरवसा धरू नये. बंद घराला तिचा काहीच उपयोग नाही, कारण ती आतून लावायची.

बंद घरासाठी लोक भोंग्याचं कुलूप घेतात. दिसायला नेहमीचंच, पण आत धक्का ओळखणारी सोय असते. कोयंडा खेचला, पहार लावली की आधी इशारा देतं, मग किंचाळतं. यातल्या बऱ्याच कुलपांची दांडी एका बाजूने बसवली तर भोंगा चालू होतो, उलट बसवली तर ते निव्वळ कुलूप राहतं. घाईत ट्रॉली गाठणाऱ्या माणसाने ती कोणत्या बाजूने बसवली हे त्यालाही सांगता येणार नाही. शिवाय आत बटणासारखे छोटे सेल असतात. सहा महिन्यांचं कुलूप आणि मार्चमधलं पत्र्याचं घर, यात ते टिकतील असं धरून चालू नये. शेजारी किल्ली ठेवून महिन्यातून एकदा सेल तपासायला सांगणं हाच इलाज.

मागे राहिलेल्या म्हातारीचं काय? उतारवयात बारीक, तीव्र आवाज ऐकू येणं आधी कमी होतं, आणि हे भोंगे नेमके तशाच सुरात वाजतात. तिच्या उशाशी ठेवलेला अलार्म तिलाच ऐकू न येण्याची शक्यता आहे. तो वाजायला हवा शेजारच्या घरात. त्यासाठी बिनतारी डोअरबेल उलटी वापरावी: बटण म्हातारीच्या खाटेला, घंटा शेजाऱ्याच्या ओसरीत. चोर येवो, छातीत दुखो किंवा न्हाणीत पाय घसरो, दाबायचं बटण एकच. माझ्या मते या सगळ्या वस्तूंत पैशाला जागणारी वस्तू हीच.

एका शेजाऱ्याऐवजी सगळं गाव जागं करायला राज्यातल्या अनेक गावांनी ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ घेतली आहे. एका टोल फ्री नंबरावर फोन केला की नोंदवलेल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजतात आणि फोन करणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. पण जागं होणं आणि बिथरणं यात अंतर आहे. २०२४ च्या पावसाळ्यात बीडसह आसपासच्या जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बोलवेने गावंच्या गावं जागली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भोंगा वाजला तर दिवे लावावेत, एकत्र यावं, ११२ ला फोन करावा. काठी कोणाच्या पाठीत घालायची याचा निवाडा त्या अंधारात करू नये.

आता कोपीकडे. फडाजवळच्या तळावर बांबू, पाचट नि ताडपत्री यांची कोपी असते. तिला चौकट नाही, दार नाही, कडी नाही. चुंबक लावायचा तरी कशाला? बाई पहाटे अंधारात उठते, बाहेर उसाच्या आडोशाला जाते, रात्री-अपरात्री गाडी भरायला उभी राहते. तिच्यासाठी पिन ओढायचा छोटा अलार्म खरोखर कामाचा. पिन ओढली की ती परत बसवेपर्यंत तो वाजत राहतो. पिनेची दोरी मनगटाला आणि डबी कमरेला असली, तर डबी हिसकावणाऱ्याच्या हातातच ती ओरडते. रात्री हीच दोरी कोपीच्या तोंडावर आडवी बांधता येते. कानाजवळ मात्र वाजवू नये, पोरांना खेळायला देऊ नये.

अलार्म नसला तरी हातातला मोबाइल असतो. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण सक्तीचं झालं. साध्या बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा. ही गोष्ट निघण्याआधी घरातल्या प्रत्येकीला एकदा समजावून सांगावी. गुन्हा कोल्हापुरात घडला आणि बाई बीडला परतली, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. मुकादम किंवा वाहनवाला लैंगिक छळ करत असेल तर कामाच्या ठिकाणच्या अशा छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात नेमायच्या स्थानिक समितीकडेही दाद मागता येते. असंघटित कामगार बायकांनाही तिच्याकडे जाता येतं.

तरीही तळावरच्या बाईला कमरेला डबी अडकवायला सांगून कारखान्यांची सुटका होत नाही. तिच्या हाकेला धावणाऱ्या चार कोप्या शेजारी असतात, पण त्याही अंधारातच. गाळप सुरू होण्याआधी तळावर दिवे आणि आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं उभी राहिली पाहिजेत. टोळी उतरवून घेतानाच मुकादमांनी ती मागावीत, आणि नसतील तर कोयता खाली ठेवावा.