डर्टी काऊ : सतरा वर्षं चाललेली दुरुस्ती

ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कर्नेलमध्ये एक छोटा पॅच घातला. बदललेल्या ओळी जेमतेम डझन-दीड डझन. त्या ओळींनी बुजवलेलं भोक मात्र २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून उघडं होतं आणि त्यातून कोणताही साधा वापरकर्ता यंत्राचा सर्वाधिकारी, म्हणजे रूट, होऊ शकत होता. सीव्हीई-२०१६-५१९५ असा क्रमांक मिळालेला हा दोष ‘डर्टी काऊ’ या नावाने ओळखला जातो. पॅचसोबतच्या टिपणात टोरवाल्ड्स यांनी सरळ लिहिलं, की हा दोष जुनाट आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो नीट जमला नव्हता आणि पुढे तो काढूनही टाकला गेला. डर्टी काऊबद्दल बोलताना लोक दोषावर थांबतात. मला या दोषापेक्षा त्याच्या दुरुस्तीचा इतिहास जास्त शिकवणारा वाटतो. कर्नेलमधली ओळ दुरुस्त करणं तुलनेने सोपं असतं. ती ओळ ज्या गृहीतकावर उभी आहे, ते पुढच्या माणसांच्या ध्यानात राहणं अवघड असतं.

आधी दोष समजून घेऊ. एकच फाइल अनेक प्रोग्रॅम वाचत असतील तर कर्नेल मेमरीत तिचं एकच पान ठेवतो आणि सगळ्यांना तेच दाखवतो. एखाद्याला आपल्यापुरता बदल करायचा असेल, तर त्याला त्या पानाची खासगी प्रत काढून दिली जाते. तलाठ्याच्या दप्तरातला मूळ कागद तसाच राहतो, तुम्ही काय ते झेरॉक्सवर लिहा, असा हा व्यवहार. डर्टी काऊत हल्लेखोर फक्त वाचण्याची परवानगी असलेली फाइल मेमरीत घेतो आणि कर्नेलच्या एका आडमार्गाने तिच्यावर लिहायला सांगतो. कर्नेल प्रत काढतो. पण प्रत काढली तरी त्या भागावर लिहिण्याची रीतसर परवानगी नसतेच, त्यामुळे पुढची तपासणी पुन्हा अडते आणि कर्नेल त्याच फेऱ्यात फिरत राहण्याची भीती असते. यावर तोड म्हणून एकदा प्रत निघाली, की कोड ‘लिहायचं आहे’ हा फ्लॅगच पुसून टाकत असे. प्रत तर हातात आहे, मग आता विचारायचं कशाला, हे त्यामागचं गृहीतक. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने ‘ही प्रत मला नको’ असं कळवलं, तर कर्नेल ती टाकून देतो, पान पुन्हा शोधतो आणि फ्लॅग पुसलेला असल्यामुळे वाचण्यासाठीचं मूळ पान आणून देतो. लिहिणं मग त्या मूळ पानावरच होतं. रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम असा बदलला, की यंत्र हातात आलं. दोन थ्रेडची ही शर्यत लाखो वेळा हरली तरी चालते, एकदा जिंकली की पुरे.

२००५ च्या दुरुस्तीला ही शर्यत ठाऊक होती. तरी ती का काढली? आयबीएमच्या एस-३९० या मोठ्या यंत्रांवर ‘या पानावर लिहिलं गेलं आहे’ ही डर्टी खूण इतर प्रोसेसरांसारखी पानाच्या नोंदीत नसे, त्यामुळे तिच्यावर विसंबणारी तपासणी तिथे चालेना. अडचण खरी होती, माघार घेण्यात निष्काळजीपणा नव्हता. पण २०१३ मध्ये, ३.९ आवृत्तीत, एस-३९० साठी ही खूण सॉफ्टवेअरमध्ये आली आणि अडचण संपली. जुनी दुरुस्ती परत आणायची वेळ त्याच दिवशी झाली होती. ती कुणी आणली नाही, कारण माघारीचं कारण आणि नवा बदल यांना जोडणारा धागा कुणाच्या हातात नव्हता. मधल्या काळात मेमरी व्यवस्था वेगवान होत गेली आणि एके काळी केवळ तात्त्विक वाटणारी शर्यत जिंकणं सोपं झालं. शेवटी फिल ओस्टर यांना आपल्या सर्व्हरवर येणाऱ्या वाहतुकीच्या नोंदींत या दोषाचा प्रत्यक्ष वापर करणारा प्रोग्रॅम सापडला, तेव्हा पॅच निघाला.

कोड खुला असेल तर हजारो डोळे चुका हेरतात, हा विश्वास मग खोटा का? माझ्या मते तो अर्धा खरा आहे. डोळ्यांना ओळ दिसते, ती काढून टाकण्यामागचं कारण कुणी लिहून ठेवलं तरच दिसतं. दुसरा आक्षेप रस्ट भाषेचा. तिचा शिरकाव कर्नेलमध्ये ६.१ आवृत्तीपासून झाला आणि मेमरीच्या अनेक चुका ती जन्मालाच येऊ देत नाही. तिचं मी स्वागतच करतो. पण इथे ना पॉइंटर भरकटला होता, ना सीमा ओलांडली गेली होती. पानांच्या नोंदींचा अर्थ लावण्यात चूक होती, आणि तो अर्थ भाषेला आपोआप कळत नाही. तिसरं म्हणणं असं, की यासाठी आधी यंत्रात शिरकाव लागतो, मग एवढी काळजी कशाला? अँड्रॉइड फोनवर असा शिरकाव म्हणजे एक फसवं अ‍ॅप. २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोने उघड केलेलं ‘झेडनियू’ हे मालवेअर याच दोषाचा वापर करत होतं, आणि त्याचे बहुतेक बळी चीन व भारतातले होते.

२०१६ च्या पॅचने ‘लिहायचं आहे’ हा फ्लॅग पुसणं बंद केलं, ‘प्रत काढली आहे’ असा वेगळा फ्लॅग आणला आणि सोबत पानावर डर्टी खूण असेल तरच लिहू द्यायचं ठरवलं. साध्या पानांसाठी ते तेव्हा पुरेसं ठरलं. हीच तपासणी मोठ्या आकाराच्या पानांना लावली, तेव्हा मात्र तिथे प्रत न काढताही डर्टी खूण लावणारा कोड होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते उघड झालं आणि सीव्हीई-२०१७-१०००४०५ हा नवा क्रमांक पडला. पानावर लिहिलं गेलं आहे, यावरून ते या प्रोग्रॅमचं स्वतःचं आहे असं ठरत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. सामायिक मेमरीच्या फाइलींवर २०२२ मध्ये तसाच दोष पुन्हा सापडला, सीव्हीई-२०२२-२५९०. त्यानंतर डेव्हिड हिल्डेनब्रांड यांच्या पॅचने २०१६ चा तो फ्लॅग काढून टाकला. डर्टी खुणेवरून अंदाज बांधण्याऐवजी हे पान फक्त याच प्रोग्रॅमच्या मालकीचं आहे का, हे कर्नेल आता थेट तपासतो.