खाणपट्ट्यातील मुलांना भूशास्त्राची वाट

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांना गोव्याचा खाणपट्टा म्हणून ओळखले जाते. तेथील बहुतेक मुलांना खाण ठाऊक असते ती ट्रक, यंत्रे आणि मजुरी यांमुळे. खाणीचा अभ्यास हाही एक व्यवसाय आहे, हे त्यांना फारसे कोणी सांगत नाही. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर त्याची किंमत अनेक कुटुंबांनी मोजली.

वास्तविक या मुलांचा अभ्यास घरापासूनच सुरू झालेला असतो. सड्यावरील सच्छिद्र जांभ्यात पावसाचे पाणी मुरते आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने कुळागराला मिळते. खाणीचा खंदक भूजल पातळीखाली गेला की पाणी उपसावे लागते. त्यामुळे आसपासच्या विहिरी आटू शकतात. गावकऱ्यांना हे अनुभवाने कळते. भूशास्त्र तेच मोजून पुराव्यानिशी मांडते. पर्यावरणीय जनसुनावणीत तांत्रिक अहवाल वाचून प्रश्न विचारणारा गावचाच पदवीधर असेल, तर गावाच्या म्हणण्याला वजन येते.

मुलींपुढे कायद्याचाही अडसर होता. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत काम आणि रात्रपाळी नाकारली होती. २०१९ मध्ये ती बंदी सशर्त शिथिल झाली. मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९८३-८४ च्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अदिती पंत अंटार्क्टिकावर पोहोचल्या होत्या.

शिक्षणाची सोय गोव्यातच आहे. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले महाविद्यालय येथे भूशास्त्र शिकविले जाते. पुढील शिक्षण गोवा विद्यापीठात घेता येते. पदव्युत्तर पदवीनंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात प्रवेश मिळतो. या परीक्षेत महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना शुल्कमाफी आहे. २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळालेल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांतील मुलांनी ही सवलत जाणून घ्यावी.

केवळ आवाहनाने मुले येणार नाहीत. उच्च माध्यमिक विद्यालयांतून माहिती पोहोचवणे, क्षेत्रभेटींचा खर्च उचलणे आणि मुलींच्या सुरक्षित निवासाची हमी देणे ही कामे संस्थांनी आधी करावीत. ज्या भूमीने खनिज दिले, तिचे तज्ज्ञही तिच्याच लेकरांतून घडले पाहिजेत.